खोक्यावरील नाव आणि साच्यातील जहाज : जुन्या प्लास्टिक जहाज-किटच्या आवृत्त्या ओळखण्याची पद्धती

सारांश

प्लास्टिकच्या जहाज-किटचा एकच साचा अनेक दशके, अनेक कंपन्यांच्या आणि प्रसंगी अनेक जहाजांच्या नावाने वापरला गेला आहे. त्यामुळे हाती आलेले किट कोणत्या काळी बाजारात आले आणि ते खरोखर कोणत्या जहाजाची प्रतिकृती आहे, हे दोन वेगळे प्रश्न ठरतात. प्रस्तुत शोधनिबंधात एअरफिक्स व रेव्हेल या कंपन्यांच्या काही किटच्या आधारे या दोन्ही प्रश्नांचा विचार केला असून मुंबईशी संबंध असलेल्या दोन जहाजांच्या, 'ट्रिंकोमाली' आणि 'आयएनएस दिल्ली' यांच्या, संदर्भात ही पद्धती तपासून पाहिली आहे.

बीजसंज्ञा : प्लास्टिक किट, साचा, आवृत्ती, भौतिक पुरावा, मुंबई गोदी, आयएनएस दिल्ली

प्रस्तावना

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या देवळीत बसून जहाजांविषयी, तेही प्लास्टिकच्या जहाजांविषयी लिहिणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु येथे मांडावयाचा प्रश्न या भागातील वाचकाला अपरिचित नाही. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयीच्या १९२५ च्या कायद्याने कापसाच्या प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले. ती खूण गाठ कोठे दाबली गेली हे सांगते. आतला कापूस कोणत्या शिवारातला आहे हे सांगत नाही. जहाज-किटच्या खोक्याचे नेमके असेच आहे. खोके हे वेष्टनाची साक्ष देते, वस्तूची नव्हे. हा भेद न पाळल्यामुळे संग्राहकांच्या याद्यांत आणि क्वचित संग्रहालयांच्या नोंदवहीतही चुकीची वर्षे व चुकीची नावे शिरतात.

प्लास्टिक किट ही मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरची वस्तू होय. पोलादी साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबाने भरून सुटे तुकडे काढले जातात आणि ग्राहक ते चिकटवून प्रतिकृती तयार करतो. साचा तयार करणे अत्यंत खर्चिक असते. तुकडे काढणे तुलनेने स्वस्त. याच आर्थिक कारणामुळे साचा सहसा टाकून दिला जात नाही. कंपनी बुडाली तरी साचा विकला जातो, दुसऱ्या देशात जातो, नव्या खोक्यात नव्या चित्रासह पुन्हा बाजारात येतो. ग्रंथव्यवहारात आपण 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' असा भेद करतो. किटच्या बाबतीत असा भेद छापलेला नसतो, तो अभ्यासकाला स्वतः शोधावा लागतो.

आवृत्ती ओळखण्याची साधने

किटचा काळ ठरविण्यासाठी चार प्रकारचा पुरावा उपलब्ध असतो : वेष्टन, कागद, प्लास्टिक आणि साच्याने प्लास्टिकवर उमटविलेली अक्षरे. यांपैकी शेवटचा पुरावा सर्वांत विश्वासार्ह वाटतो आणि तोच सर्वाधिक फसवतो. अनेक किटच्या तुकड्यांवर कंपनीचे नाव व वर्ष कोरलेले आढळते. हे वर्ष साच्याचे असते. १९५६ चा साचा १९७८ मध्ये वापरला तरी प्लास्टिकवर १९५६ च उमटते. म्हणून अशा वर्षावरून 'किट यापूर्वीचे नाही' एवढेच म्हणता येते.

वेष्टनावरील मजकूर अधिक बोलका असतो. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन स्वीकारले. केवळ शिलिंग-पेन्समध्ये किंमत छापलेले ब्रिटिश वेष्टन त्यामुळे साधारणतः त्यापूर्वी छापलेले मानता येते. अमेरिकेत टपालाचे झिप क्रमांक १९६३ मध्ये सुरू झाले. पत्त्यात झिप असल्यास खोके त्याआधीचे असू शकत नाही. रेव्हेल कंपनी आपल्या किटच्या क्रमांकापुढे किंमतच जोडत असे. क्रमांकानंतर २९८ असे आकडे असतील तर किंमत २ डॉलर ९८ सेंट. किंमत वाढली की हे आकडे बदलत, आणि त्यामुळे एकाच किटच्या लागोपाठच्या खोक्यांचा क्रम लावता येतो. युरोपीय सुरक्षा-चिन्ह 'सीई' हे खेळण्यांवर १९९० नंतरच येते. संकेतस्थळाचा पत्ता छापलेले खोके नव्वदच्या दशकाच्या मध्याआधीचे असण्याची शक्यता जवळपास नाही.

हीच रीत आपण येथील कागदपत्रांना नित्य लावतो. वर्धा जिल्ह्यातील एखाद्या जुन्या दाखल्यावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड', 'मध्यप्रदेश', 'मुंबई राज्य' की 'महाराष्ट्र' यांपैकी काय छापले आहे, यावरून १९५०, १९५६ आणि १९६० या टप्प्यांच्या अलीकडे-पलीकडे तो दाखला ठेवता येतो. पिन क्रमांक असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नवी खूण असणे हे 'यानंतरचे' असल्याचे सिद्ध करते. ती नसणे हे 'यापूर्वीचे' असल्याचे सिद्ध करत नाही. तहसील कचेरीत जुने छापील नमुने संपेपर्यंत वापरले जातात, तशीच कारखान्यात जुनी खोकीही वापरली जातात.

प्लास्टिकचा रंग व पोत हा दुय्यम पुरावा होय. रंग एकाच वर्षात बदलू शकतो आणि वीस वर्षांनी परत येऊ शकतो. साच्याची झीज हा पुरावा याहून मोलाचा, परंतु तो वापरण्यास कठीण आहे. येथे दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नाणेशास्त्रीय कामाची आठवण होते. तक्षशिलेच्या साठ्यातील आहत नाण्यांची वजने काटेकोरपणे घेऊन त्यांनी असे दाखविले की, चलनात राहिल्याने नाणे झिजते आणि मोठ्या संख्येने वजने घेतल्यास त्या झिजेतून कालक्रम मिळतो. जहाज-किटमध्ये झीज वस्तूची नसून साच्याची असते. साचा जुना झाला की फळ्यांच्या रेषा बोथट होतात, आणि साच्याच्या दोन भागांच्या सांध्यातून प्लास्टिकची पातळ झालर बाहेर येते. पण नाणे पुन्हा जड होत नाही. साचा मात्र साफ करून, घासून, दुरुस्त करून पूर्ववत केला जातो. त्यामुळे झालर असलेले किट स्वच्छ किटपेक्षा नंतरचेच, असे विधान करता येत नाही. झिजेपेक्षा साच्यात मुद्दाम केलेले बदल, म्हणजे खोडलेले नाव, बुजविलेले छिद्र, बदललेला तुकडा, हे क्रम ठरविण्यास अधिक उपयोगी पडतात, कारण असा बदल सहसा उलटा फिरत नाही.

आणखी एक अडचण पोथ्यांच्या अभ्यासकाला तत्काळ समजेल. पोथीची पाने सुटी असल्याने एका पोथीची गहाळ पाने दुसऱ्या पोथीतून भरून काढली जातात आणि मग दोन हस्ताक्षरांची एक पोथी तयार होते. जुन्या किटच्या बाजारातही एका आवृत्तीचे आकर्षक खोके, दुसरीचे तुकडे आणि तिसरीचे जोडणीपत्रक असा संच पूर्ण किट म्हणून विकला जातो. प्रत्येक घटकाचा काळ स्वतंत्रपणे ठरवूनच संपूर्ण संचाविषयी बोलावे, हे ओघाने आले.

एअरफिक्स : एका कंपनीचे अनेक पत्ते

एअरफिक्स ही कंपनी निकोलस कोव्ह या हंगेरियन उद्योजकाने १९३९ मध्ये लंडन येथे स्थापन केली. आरंभी हवा भरलेली रबरी खेळणी आणि युद्धोत्तर काळात प्लास्टिकचे कंगवे हा तिचा व्यवसाय होता. कंपनीचे पहिले जहाज-किट 'गोल्डन हाइंड', म्हणजे सोळाव्या शतकातील फ्रान्सिस ड्रेक याचे जहाज. अमेरिकेत बाटलीतील जहाज म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतीवरून ही कल्पना वूलवर्थ या साखळी दुकानांच्या खरेदीदाराने सुचविली. किंमत २ शिलिंगांत बसविण्यासाठी पुठ्ठ्याचे खोके वगळण्यात आले. प्लास्टिकची पिशवी व तिच्या तोंडाशी कागदी पट्टी असे वेष्टन निघाले आणि जोडणीच्या सूचनाही त्याच कागदावर छापल्या गेल्या. या पट्टीमुळेच आज आवृत्त्या ओळखणे शक्य होते. गंमत अशी की, काटकसरीसाठी शोधलेला हा कागद आता आतल्या प्लास्टिकपेक्षा मोलाचा ठरतो आणि पिशवी उघडताना तोच सर्वप्रथम फाटत असे.

या पहिल्या जहाजाच्या वर्षाविषयीच एकमत नाही, ही बाब लक्षणीय आहे. कंपनीविषयीच्या लेखनात दीर्घकाळ १९५२ हे वर्ष दिले गेले; पुढे १९५४ हे वर्ष मांडण्यात आले. जी वस्तू प्रचंड संख्येने विकली गेली, जिचे खरेदीदार अलीकडेपर्यंत हयात होते, तिच्या जन्मवर्षात दोन वर्षांचे अंतर पडते. वस्तू विपुल असली की तिची नोंद कोणी ठेवत नाही, असेच यावरून म्हणावे लागते. पुढे त्याच कंपनीने 'गोल्डन हाइंड' याच नावाचे १:७२ प्रमाणातील मोठे किटही काढले. त्यामुळे जुन्या यादीतील 'एअरफिक्स, गोल्डन हाइंड' एवढी नोंद दोन भिन्न साच्यांपैकी कोणत्याही साच्याची असू शकते.

कंपनीचा पुढील प्रवास किटच्या खोक्यांवर उमटलेला आहे. जानेवारी १९८१ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. अमेरिकेच्या जनरल मिल्सने पॅलिटॉय या आपल्या ब्रिटिश शाखेमार्फत ती घेतली व साचे फ्रान्समधील कॅले येथे नेले. १९८६ मध्ये मालकी हम्ब्रोलकडे आली आणि किट नॉर्मंडीतील त्रून येथील हेलर कारखान्यात तयार होऊ लागली. २००६ मध्ये हेलर अडचणीत आली, पाठोपाठ हम्ब्रोलही बुडाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हॉर्नबीने एअरफिक्स विकत घेतली. हॉर्नबीच्या काळात किटच्या क्रमांकाआधी 'ए' हे अक्षर लागले. याच काळात, २०१० नंतरच्या काही वर्षांत, अनेक एअरफिक्स किटच्या खोक्यांवर 'मेड इन इंडिया' असे छापलेले आढळते.

या शेवटच्या खुणेकडे भारतीय अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. स्वातंत्र्योत्तर काळात आयात-नियंत्रणामुळे परदेशी खेळणी येथे उघडपणे क्वचितच येत असत. उपभोग्य वस्तूंवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. ज्या देशात ही किट बहुधा परदेशाहून आलेल्या नातेवाइकाच्या सामानातून येत, त्या देशातच पुढे ती तयार होऊ लागली. भविष्यात भारतीय घरात सापडलेले 'मेड इन इंडिया' किट पाहून कोणी ते नियंत्रित अर्थव्यवस्थेच्या काळातील देशी उत्पादन समजले, तर ती चूक सुमारे अर्ध्या शतकाची ठरेल.

एक साचा, दोन जहाजे

आतापर्यंत किटच्या काळाचा विचार केला. परंतु यापेक्षा गंभीर प्रश्न किटच्या विषयाचा आहे. अमेरिकेतील रेव्हेल कंपनीने १९५६ मध्ये 'बाउंटी' या जहाजाचे किट काढले. २८ एप्रिल १७८९ रोजी जिच्यावर बंड झाले ती हीच 'बाउंटी'. साठच्या दशकारंभी याच कंपनीने 'बीगल'चे किट आणले, ज्या जहाजातून चार्ल्स डार्विनने १८३१ ते १८३६ या काळात जगप्रवास केला. पण हे 'बीगल' वस्तुतः 'बाउंटी'च्याच साच्यात फेरफार करून काढलेले होते.

कंपनीला हे सुचावे याचे कारण आकड्यांत दिसते. 'बाउंटी'ची डेकवरील लांबी ९० फूट १० इंच, तर 'बीगल'ची ९० फूट ४ इंच. रुंदी अनुक्रमे २४ फूट ४ इंच आणि २४ फूट ६ इंच. कागदावर ही दोन जहाजे जुळी वाटतात. प्रत्यक्षात 'बाउंटी' हे १७८४ मध्ये 'बेथिया' या नावाने बांधलेले, पोटाशी फुगीर असे कोळसावाहू व्यापारी जहाज होते, नौदलाने ते नंतर विकत घेतले. 'बीगल' हे १८२० मध्ये पाण्यात उतरलेले, मुळातच नौदलासाठी आखलेले लढाऊ जहाज होते आणि सर्वेक्षणाच्या कामासाठी त्याची डोलकाठ्यांसह पुनर्रचना झाली होती. लांबी-रुंदी सारखी म्हणजे आकार सारखा नव्हे. डार्विनच्या प्रवासाची प्रतिकृती म्हणून ज्यांनी हे किट जोडले, त्यांच्यासमोर प्रत्यक्षात बंडखोरांच्या जहाजाचे पोट होते.

याच कंपनीने 'कटी सार्क' (१८६९) या चहावाहू जहाजाच्या साच्यावरून तिची प्रतिस्पर्धी 'थर्मोपिली' (१८६८) हेही किट विकले. तेथे विसंगती कमी, कारण दोन्ही जहाजे एकाच धाटणीची होती. तरी तत्त्व तेच. अशा प्रसंगी खोके खोटे बोलत नाही असे म्हणता येणार नाही, परंतु तुकडे एकमेकांशी जुळवून पाहिले तर सत्य लपतही नाही. दोन्ही किटचे हल शेजारी ठेवले की फळ्यांच्या रेषा एकच साचा सांगतात. खोक्यावरील नावापेक्षा साच्यांची वंशावळ आधी मांडली पाहिजे, हा या उदाहरणाचा निष्कर्ष.

मुंबई गोदीतील एक समांतर उदाहरण

साच्याचा हा व्यवहार प्लास्टिकच्या काळातच जन्मला असे मानण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष जहाजेही एका नकाशावरून अनेक बांधली जात. ब्रिटिश नौदलाच्या 'लेडा' वर्गाच्या फ्रिगेटचा आराखडा १७८२ मध्ये पकडलेल्या 'एबे' या फ्रेंच जहाजावरून घेतलेला होता. त्याच आराखड्यावरून मुंबई गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात दोन जहाजे बांधली गेली : 'ॲम्फिट्राइटी' १८१६ मध्ये आणि 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. मुंबईसाठी पाठविलेले नकाशे 'जावा' या जहाजावर होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने ते जहाज जिंकले आणि नकाशे गेले. मग दुसऱ्या प्रती पाठवाव्या लागल्या. ज्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने हा खोळंबा केला, तिचेच किट रेव्हेलने १९५६ पासून विकले, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे.

'ट्रिंकोमाली' १८९७ मध्ये विकली गेली आणि नव्या मालकाने तिला 'फूद्रॉयाँ' हे नाव दिले. १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आहे. मधल्या जवळपास शंभर वर्षांतील चित्रे, छायाचित्रे व स्मरणवस्तू यांवर मुंबईचे हे जहाज परक्या नावाने वावरते. त्या काळातील वस्तूंच्या नोंदी केवळ नावावरून लावल्या, तर मुंबईच्या सागवानाचा हा पुरावा मुंबईच्या इतिहासाला दिसणारच नाही.

'एजॅक्स'चे किट आणि 'आयएनएस दिल्ली'

एअरफिक्सच्या १:६०० प्रमाणातील युद्धनौकांत 'एजॅक्स' या क्रूझरचे किट आहे. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेतील रिव्हर प्लेटच्या लढाईत 'एजॅक्स', 'अकिलीज' आणि 'एक्झेटर' या तीन क्रूझरनी 'ॲडमिरल ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी सामना दिला. 'एजॅक्स' आणि 'अकिलीज' या एकाच लिएंडर वर्गाच्या. 'एजॅक्स' १९४९ मध्ये मोडीत निघाली. 'अकिलीज' मात्र ५ जुलै १९४८ रोजी भारताकडे आली आणि 'दिल्ली' झाली. प्रजासत्ताकानंतर 'आयएनएस दिल्ली'. १९६१ मध्ये गोवा-दमण-दीव मुक्तीच्या वेळी दीव येथील कारवाईत तिने भाग घेतला. ३० जून १९७८ रोजी मुंबईत ती सेवेतून निवृत्त झाली.

साहजिकच 'एजॅक्स'चे किट जोडून त्याला 'दिल्ली' म्हणण्याचा मोह भारतीय हौशी कारागिरास होतो. वर्ग एक, लांबी जवळपास एक. १:६०० प्रमाणात दोन्ही सुमारे २८ सेंटिमीटर भरतात. पण 'बाउंटी' आणि 'बीगल'चा प्रसंग येथे पुन्हा उभा राहतो. ५ जानेवारी १९४३ रोजी ग्वाडलकॅनालजवळ जपानी बॉम्बने 'अकिलीज'चा मागील बाजूचा वरचा तोफ-बुरूज निकामी झाला आणि इंग्लंडमधील दुरुस्तीत तो काढून तेथे विमानविरोधी तोफा बसविल्या गेल्या. त्यामुळे भारताकडे आलेल्या जहाजावर चार नव्हे, तीनच जोड-तोफांचे बुरूज होते, म्हणजे आठऐवजी सहा मोठ्या तोफा. चार बुरूज असलेली कोणतीही प्रतिकृती, तिच्या तळपट्टीवर काहीही कोरलेले असो, 'आयएनएस दिल्ली'ची नाही. फार तर ती १९४३ पूर्वीची 'अकिलीज' असेल.

१९५६ च्या 'बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट' या चित्रपटात हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. त्यात 'एजॅक्स'ची भूमिका 'शेफील्ड'ने, 'एक्झेटर'ची 'जमैका'ने आणि 'ग्राफ श्पे'ची अमेरिकेच्या 'सेलम'ने केली. 'अकिलीज'ची भूमिका मात्र स्वतः 'आयएनएस दिल्ली'ने केली. म्हणजे लढलेल्या तीन क्रूझरपैकी पडद्यावर खरी होती ती भारतीय नौदलाची, आणि तीही १९३९ च्या रूपात नव्हे, तर एक बुरूज कमी असलेल्या १९५६ च्या रूपात. त्या चित्रपटातील दृश्य हे लढाईचे साधन म्हणून दुय्यम. परंतु 'आयएनएस दिल्ली' पन्नाशीच्या दशकात कशी दिसत होती, याचे ते प्रथम दर्जाचे साधन आहे. इतिहासलेखकाने त्याचा त्या दृष्टीने पुरेसा उपयोग केला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नोंदवहीविषयी

महाविद्यालयाच्या किंवा शाळेच्या कपाटात, एखाद्या निवृत्त नौसैनिकाच्या घरून आलेली प्लास्टिकची युद्धनौका असेल, तर तिची नोंद 'जहाजाची प्रतिकृती, प्लास्टिक, १ नग' अशी करून थांबू नये. साच्याचे वर्ष आणि आवृत्तीचे वर्ष वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. खोके, पत्रक, डिकल व तुकडे यांची नोंद स्वतंत्र करावी. तळपट्टीवरील नाव 'लिहिलेले नाव' म्हणून आणि प्रत्यक्ष ओळख 'निश्चित केलेले जहाज' म्हणून द्यावी. बुरुजांची संख्या मोजावी, कारण ती मोजायला एक मिनिट पुरते. जोडणाऱ्याने स्वतः केलेले बदल दोष समजून दुरुस्त करू नयेत. 'एजॅक्स'च्या किटवरील एक बुरूज कोणी मुद्दाम वगळला असेल, तर त्या माणसाला 'दिल्ली' कशी दिसत होती हे ठाऊक होते, असे समजावे. कदाचित तो तिच्यावर होताही.

नावाची खातरजमा तर आता अधिकच आवश्यक झाली आहे. माझगाव गोदीत बांधलेली आणि १५ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात दाखल झालेली विनाशिकाही 'आयएनएस दिल्ली'च आहे. जुन्या 'दिल्ली'चा एक तोफ-बुरूज न्यूझीलंडला भेट देण्यात आला आणि तो ऑकलंडजवळील डेव्हनपोर्ट नौदल तळावर 'अकिलीज'चा म्हणून ठेवलेला आहे.